कच्च्या तेलातल्या झाडांच्या खुणा कशा वाचायच्या: खानदेशातल्या नवशिक्यांसाठी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हा बहुतेक सगळा मुलूख काळ्या पाषाणावर, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. इथे तेलविहीर नाही. पण नवापूर ओलांडून सुरत-अंकलेश्वरकडे गेलं की हाच पाषाण जमिनीखाली खोल उतरतो, आणि त्याच्यावर खंबातच्या खोऱ्यातले तेल देणारे थर साचलेले आहेत. म्हणजे ते थर आपल्या पायाखालच्या दगडाहून तरुण आहेत. ते साचत होते तेव्हा फुलझाडांची जंगलं पृथ्वीवर चांगली पसरलेली होती. त्यामुळे तेलातली झाडांची खूण शिकायची असेल तर शेजारचं हे खोरं उत्तम पाठ आहे.

हा लेख रसायनशास्त्र किंवा भूशास्त्र शिकणाऱ्या, कॉलम आणि जीसी-एमएसची (संयुगं वेगळी करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राची) तोंडओळख असलेल्या, पण तेलाला कधी हात न लावलेल्या मुलामुलींसाठी आहे.

नेमकं काय शोधायचं

झाड मेलं की त्यातली साखर, प्रथिनं लवकर नाहीशी होतात. पानावरचं मेण, डिंकातली राळ आणि पेशीच्या पडद्यातले स्टेरॉल मात्र गाळात टिकून राहतात. लाखो वर्षांच्या उष्णतेत त्यांचे ऑक्सिजन असलेले गट गळून पडतात, दुहेरी बंध भरले जातात, पण कार्बनचा सांगाडा बराचसा तसाच राहतो. हा उरलेला सांगाडा म्हणजे बायोमार्कर. जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३४ ते १९३६ या काळात खनिज तेलात पॉर्फिरिन दाखवून त्याचा संबंध हरितद्रव्याशी जोडला. या शास्त्राची सुरुवात तिथून झाली.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनात पक्की ठेवा. कच्चं तेल बहुतेक वेळा मिश्रण असतं. शेवाळ, जिवाणू आणि जमिनीवरची झाडं या तिघांचा वाटा त्यात कमी-जास्त असतो. एका शिखरावरून ‘हे तेल झाडांचं’ असं म्हणता येत नाही. किमान तीन वेगवेगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच तसं लिहायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा हेतू तोच आहे.

सरावाला काय घ्यायचं

कच्चं तेल दुकानात मिळत नाही. तेल कंपनीकडून रीतसर पत्र देऊन, विभागप्रमुखांच्या सहीनं ५० मिली नमुना मागायचा. विहीर, थर आणि खोली लिहून मागायची. पाइपलाइनमधून परस्पर तेल काढणं गुन्हा आहे, कोणी ‘आणून देतो’ म्हणालं तरी घेऊ नका. शिवाय अशा नमुन्याचा उगमच माहीत नसतो, म्हणून त्याचा शास्त्रीय उपयोगही शून्य.

तेल हाती येईपर्यंत तीन गोष्टींवर हात बसवता येतो.

पहिली, पानाचं मेण. सागाची दोन-तीन जून पानं डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा, काचेच्या भांड्यात हेक्झेन घेऊन त्यात ३० ते ६० सेकंद बुडवा आणि काढा. जास्त वेळ ठेवलं तर पानाच्या आतलं हरितद्रव्य उतरतं आणि द्रावण हिरवं होतं. केळीचं पानही चालतं, पण रावेर-यावल पट्ट्यात एक धोका आहे: करपा रोगासाठी बागेत मिनरल ऑइलची फवारणी होते. ते तेल पानावर असलं तर क्रोमॅटोग्राममध्ये मेणाच्या शिखरांखाली तेलाचा कुबड दिसतो आणि नवशिक्याला वाटतं की पानातच पेट्रोलियम आहे. केळीचं पान घ्यायचं तर परसातल्या, कधीही न फवारलेल्या झाडाचं घ्या.

दुसरी, डांबर. रस्त्याच्या कामावरच्या पिंपातून, खडीत मिसळण्याआधीचं, सुपारीएवढं डांबर पुरतं. त्यात होपेन (जिवाणूंच्या पडद्यापासून उरलेले सांगाडे) आणि स्टेरेन (स्टेरॉलपासून उरलेले) दिसतात, त्यामुळे शिखरं ओळखायला चांगलं. फुलझाडांची खूण त्यात असेलच असं नाही, कारण डांबर कुठल्या देशातल्या तेलाचं हे ठरलेलं नसतं. पेट्रोल पंपावरचं डिझेल मात्र या कामाचं नाही. होपेन इतकी जड असतात की डिझेलच्या ऊर्ध्वपातनात ती मागेच राहतात.

तिसरी, लिग्नाइट. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान खाणीचा लिग्नाइट इओसीन काळाच्या सुरुवातीचा, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यात अंबरचे खडे सापडतात. ते अंबर डिप्टेरोकार्प कुळातल्या झाडांच्या राळेचं आहे. आपल्या पूजेत जळणारी राळ ज्या सालवृक्षाची, तेच हे कुळ. खाणचालकांची परवानगी असेल तरच नमुना घ्या. वीजकेंद्राच्या ढिगातला कोळसा संदर्भ म्हणून नको, त्यात वेगवेगळ्या खाणींचा माल मिसळलेला असू शकतो.

सातपुड्यातल्या सालईच्या डिंकाबद्दल वारंवार विचारणा होते. त्यात बॉस्वेलिक आम्लं असतात आणि त्यांच्यातल्या अल्फा-बॉस्वेलिक आम्लाचा सांगाडा ओलिॲनेनचाच, म्हणजे तेलातली फुलझाडांची खूण असलेल्या संयुगाचाच, आहे. तरीही ताजा डिंक हेक्झेनच्या कॉलममधून काढला तर काहीच दिसणार नाही, कारण ती आम्लं सिलिकाला चिकटून राहतात. ती पाहायची तर बीएसटीएफए हे सिलिल गट जोडणारं अभिकर्मक घालून ७० अंश सेल्सिअसला तासभर ठेवून त्यांचे सिलिल साधित तयार करावे लागतात. ताज्या डिंकातली आम्लं आणि तेलातलं ओलिॲनेन यांच्यामध्ये कोट्यवधी वर्षांची रासायनिक वाट आहे. तुलना करताना ते विसरू नका.

काच आणि कोरी चाचणी

नमुना गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, टेफ्लॉन अस्तराच्या झाकणासह ठेवा. प्लास्टिकची बाटली, रबरी बूच, प्लास्टिकचं टोक असलेलं पिपेट यांना हेक्झेन किंवा डायक्लोरोमिथेन लागलं की थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी संयुगं) उतरतात आणि १४९ वस्तुमानाच्या आयनावर मोठी शिखरं उभी राहतात. कॉलमच्या तोटीला सिलिकॉन ग्रीस लावू नका, त्याची शिखरं ७३, २०७ आणि २८१ वर येतात. हाताला लावलेली पेट्रोलियम जेली सर्वात वाईट, कारण ती स्वतःच खनिज तेलापासून केलेली असते.

कॉलमच्या तळाला कापसाचा बोळा घालायची सवय आपल्याकडे बऱ्याच प्रयोगशाळांत आहे. कापूस खानदेशात सगळीकडे हाताशी असतो, पण त्याच्या तंतूवरही मेण असतं. साबणपाण्यानं स्वच्छ केलेला कापूसही खात्रीचा नाही. काचेची लोकर वापरा आणि तीही आधी डायक्लोरोमिथेननं धुऊन घ्या.

काचेची भांडी साबण, पाणी, ॲसिटोन या क्रमानं धुऊन, मोजमापाची सोडून बाकीची ४०० ते ४५० अंशांना चार तास भाजा. भट्टी नसेल तर डायक्लोरोमिथेननं तीन वेळा खळबळा.

आणि कोरी चाचणी करा. म्हणजे तेल न घालता सगळी प्रक्रिया, तेवढंच सिलिका, तेवढाच द्रावक, तितकंच आटवणं. दर सहा-सात नमुन्यांमागे एक कोरा. कोऱ्यात होपेन दिसलं तर त्या दिवसाचे सगळे नमुने पुन्हा करायचे. ‘थोडंसंच आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. बायोमार्कर तेलात दशलक्षात काही दहा ते काही शेकडा भाग एवढेच असतात, आणि ‘थोडंसं’ त्याच पातळीचं असतं.

ॲस्फाल्टीन काढणं

तेलात पाणी असेल तर ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगळं करा, उरलेला ओलावा निर्जल सोडियम सल्फेटनं काढा. १०० मिग्रॅ तेल काचेच्या नळीत तोला. त्यात आत्ताच अंतर्गत प्रमाण घाला: ५-बीटा-कोलेन १० मायक्रोग्रॅम. नंतर घातलं तर मधल्या पायऱ्यांतलं नुकसान कळणार नाही. मग ४० पट, म्हणजे ४ मिली नॉर्मल पेंटेन घालून हलवा, रात्रभर थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा, सकाळी सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ द्रावण काढून घ्या. तळाचा तपकिरी-काळा चुरा म्हणजे ॲस्फाल्टीन, तेलातला सर्वात जड भाग.

पेंटेन ३६ अंशांना उकळतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळात तापमान त्याच्या कितीतरी वर जातं, त्यामुळे त्या दिवसांत पेंटेनची बाटली उघडताना फवारा उडतो आणि नळीतलं प्रमाण रात्रीत बदलतं. उन्हाळ्यात नॉर्मल हेक्झेन घ्या, तो ६९ अंशांना उकळतो. हेक्झेनमध्ये ॲस्फाल्टीन किंचित कमी पडतं, म्हणून एका मालिकेत एकच द्रावक ठेवा. अर्धे नमुने पेंटेनचे आणि अर्धे हेक्झेनचे असतील तर त्यांची टक्केवारी एकमेकांशी ताडू नका.

दगड किंवा लिग्नाइट असेल तर त्याआधी आणखी एक काम. ३० ते ५० ग्रॅम नमुना १०० मेशपर्यंत कुटून, सॉक्सलेटमध्ये डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉल ९ ला १ या मिश्रणानं ४८ तास काढा. तळाच्या फ्लास्कमध्ये सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं चमकवलेल्या तांब्याच्या पट्ट्या टाका. तांबं काळं पडलं म्हणजे गंधक निघतंय. पट्ट्या चकचकीत राहीपर्यंत बदला. ते गंधक राहिलं तर क्रोमॅटोग्रामच्या मध्यावर एक थोराड शिखर येऊन शेजारची सगळी शिखरं झाकतं.

कॉलम

निकाल बिघडतो तो बहुधा इथेच, म्हणून सावकाश करा.

१०० ते २०० मेशचं सिलिका जेल १२० अंशांना रात्रभर तापवा आणि डेसिकेटरमध्ये थंड करा. १ सेंमी आतल्या व्यासाचा, ३० सेंमी लांबीचा, टेफ्लॉन तोटीचा कॉलम घ्या. ५ ग्रॅम सिलिका हेक्झेनमध्ये कालवून पातळ लगदा करा आणि एका दमात ओता. कॉलमला रबरी नळीनं हलक्या टिचक्या मारत राहा म्हणजे थर सारखा बसतो, साधारण १२ सेंमी उंचीचा. वर अर्धा सेंमी सोडियम सल्फेट. द्रावकाची पातळी सिलिकाच्या खाली कधीही जाऊ देऊ नका. एकदा थर कोरडा पडला की त्यात भेगा पडतात, तेल त्या भेगांतून सरळ खाली जातं आणि वेगळेपणा उरत नाही. तो कॉलम टाकून नवा भरा, दुरुस्त होत नाही.

ॲस्फाल्टीन काढलेलं तेल, सुमारे ५० ते ८० मिग्रॅ, अर्धा मिली हेक्झेनमध्ये विरघळवून वर सोडा. सेकंदाला एक थेंब या वेगानं तीन भाग गोळा करा:

संपृक्त भाग: हेक्झेन २० मिली.
सुगंधी, म्हणजे ॲरोमॅटिक भाग: हेक्झेन आणि डायक्लोरोमिथेन १ ला १, ३० मिली.
रेझिन भाग: डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉल १ ला १, २० मिली.

पहिला भाग कुठे थांबवायचा हे २० मिलीच्या आकड्यावर सोडू नका. खोली अंधारी करून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा कॉलमवर धरा. संपृक्त भाग चमकत नाही, ॲरोमॅटिक भागाचा निळसर पट्टा खाली सरकताना स्पष्ट दिसतो. तो पट्टा तोटीपाशी येण्याच्या थोडं आधी भांडं बदला. डोळ्यांवर अतिनील रोखणारा चष्मा हवाच.

पावसाळ्यात हा पट्टा लवकर खाली येतो, कारण हवेतला ओलावा शोषून सिलिका सुस्त झालेलं असतं. सिलिका डेसिकेटरमधून काढल्यावर पाच मिनिटांच्या आत द्रावकात घाला. उन्हाळ्यात अडचण उलटी: डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं, तापलेल्या खोलीत ते कॉलमच्या आतच बुडबुडे धरतं आणि थर फाटतो. वातानुकूलन नसेल तर हे काम सकाळी लवकर उरका.

द्रावक नायट्रोजनच्या मंद झोतात आटवा, पूर्ण कोरडं करू नका, अर्ध्या मिलीवर थांबा. वजन घ्यायचं असेल तर त्याचा ठरावीक भाग वेगळा काढून तोच कोरडा करा. तिन्ही भाग आणि ॲस्फाल्टीन यांची बेरीज मूळ वजनाच्या ८५ टक्क्यांहून कमी भरली तर एक तर तेल फार हलकं आहे किंवा काहीतरी कॉलममध्ये अडकलंय. दोन्हींपैकी काय ते आधी ठरवा.

हे सगळं धुराच्या कपाटात करायचं. नॉर्मल हेक्झेन दीर्घकाळ हुंगला तर नसांना इजा करतो. डायक्लोरोमिथेन नायट्राइलच्या पातळ मोज्यातून मिनिटांत आरपार जातं, म्हणून मोज्यावर सांडलं की मोजा लगेच बदला.

यंत्रावर देताना काय सांगायचं

नमुना विद्यापीठाच्या किंवा खासगी प्रयोगशाळेत द्यायचा असेल तर फक्त ‘जीसी-एमएस करून द्या’ म्हणू नका. औषधं किंवा कीटकनाशकांसाठी लावलेली पद्धत २८० अंशांवर संपते आणि ३५० वस्तुमानापर्यंतच पाहते. होपेनचं वस्तुमान ४१२ आहे. त्या पद्धतीत तुमचा नमुना गेला तर पैसे गेले आणि कॉलमच्या शेपटीत अडकलेली होपेन पुढच्या माणसाच्या नमुन्यात उगवली.

कागदावर हे लिहून द्या: ५ टक्के फिनाइल असलेला अध्रुवी केशिका कॉलम, लांबी ६० मीटर (३० मीटरही चालेल, पण काही शिखरं एकमेकांत मिसळतील), व्यास ०.२५ मिमी, थर ०.२५ मायक्रोमीटर. हेलियम मिनिटाला १ मिली. इंजेक्टर ३०० अंश, स्प्लिटलेस, १ मायक्रोलिटर. भट्टी ६० अंशांवर २ मिनिटं, मग मिनिटाला ४ अंशांनी ३१० पर्यंत, तिथे २० मिनिटं. आयनीकरण ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट. जोडनळी ३०० अंशांच्या खाली नको.

संपृक्त भागासाठी निवडक आयन: ८५, १२३, १७७, १९१, २१७, २१८, ३६९, ४१२. ॲरोमॅटिक भागासाठी: १७०, १८३, २१९, २३४, २५२, २५३, २३१. नमुन्याची तीव्रता १ मिलीत १ मिग्रॅच्या आसपास. आधी एकदा पूर्ण स्कॅन, ५० ते ६०० वस्तुमान, आणि मग निवडक आयन. पूर्ण स्कॅनशिवाय शिखराचा संपूर्ण वर्णपट मिळत नाही आणि ओळख अर्धीच राहते.

यंत्राच्या संगणकातलं ग्रंथालय ‘९२ टक्के जुळलं’ असं सांगतं, त्यावर विसंबू नका. होपेन कुळातल्या बऱ्याच संयुगांचे वर्णपट सारखेच असतात. इथे ओळख येण्याच्या क्रमावरून आणि माहीत असलेल्या तेलाशी ताडून होते.

वाचन: आधी सरळ साखळ्या

८५ चा आयन उघडा. सारख्या अंतरावर उभी असलेली नॉर्मल अल्केनची रांग दिसेल. सी१७ (म्हणजे १७ कार्बनची साखळी) च्या लगेच मागे प्रिस्टेन, सी१८ च्या मागे फायटेन, ही दोन्ही फांद्या असलेली अल्केन. या दोन जोड्यांवरून बाकीची गणती करा.

जमिनीवरच्या झाडांच्या मेणात सी२७, सी२९, सी३१ ही विषम संख्येची अल्केन शेजारच्या सम संख्यांहून बरीच उंच असतात. हे मोजायला सीपीआय, म्हणजे विषम कार्बन समांहून किती जास्त हे सांगणारा निर्देशांक, वापरतात. सी२५ ते सी३३ विषम शिखरांची बेरीज एकदा सी२४ ते सी३२ सम बेरजेनं भागा, एकदा सी२६ ते सी३४ सम बेरजेनं भागा, आणि दोन्हींची सरासरी घ्या. ताज्या पानात हा आकडा सहसा ५ च्या वर असतो. तेलात मात्र तो पिकत पिकत १ कडे येतो. म्हणून तेलाचा सीपीआय १.० आला तर ‘झाडं नव्हती’ असा अर्थ निघत नाही, तेल परिपक्व आहे एवढाच निघतो. १.२ च्या वर राहिला तर झाडांचं मेण असण्याची आणि तेल फार तापलेलं नसण्याची शक्यता धरा.

प्रिस्टेन भागिले फायटेन: ३ च्या वर असेल तर गाळ ऑक्सिजन असलेल्या जागी साचला आणि त्यात जमिनीवरचा पालापाचोळा आला असावा, ०.८ च्या खाली असेल तर ऑक्सिजन नसलेलं, बहुधा खारं किंवा चुनखडीचं वातावरण. मधल्या आकड्यांवरून एकट्यानं काही म्हणू नका.

वाचन: १९१ चा आयन

आता खरी गोष्ट. १९१ वर डावीकडून आधी लहान ट्रायसायक्लिक टर्पेन, मग टीएस आणि टीएम ही होपेन कुळातल्या २७ कार्बनच्या संयुगांची जोडी, मग सी२९ होपेन, मग सी३० होपेन. त्यापुढे सी३१ पासून सी३५ पर्यंत एस आणि आर (एकाच संयुगाच्या दोन अवकाशीय रचना) अशा जोड्या, पायऱ्या उतरत गेल्यासारख्या. सी३१ च्या जोडीच्या लगेच मागे कधी गॅमासेरेन येतं. ते खाऱ्या, थर पडलेल्या पाण्याची खूण आहे, झाडांची नाही.

सी३० होपेनच्या अगदी डाव्या खांद्याशी जे शिखर येतं ते १८-अल्फा-ओलिॲनेन असू शकतं. ओलिॲनेन फुलझाडांतल्या बीटा-अमायरिनसारख्या संयुगांपासून येतं, आणि फुलझाडं पृथ्वीवर क्रिटेशस काळात पसरली. म्हणून हे शिखर एकाच वेळी झाडाचा प्रकार आणि तेलाचं कमाल वय दोन्ही सांगतं. गुणोत्तर असं: ओलिॲनेन भागिले ओलिॲनेन अधिक सी३० होपेन. समजा ओलिॲनेनची उंची १८ आणि होपेनची ४२ आहे. १८ भागिले ६० म्हणजे ०.३०. हा आकडा ०.२ च्या वर असेल तर मूळ खडक (ज्यात तेल तयार झालं तो) तृतीयक काळाचा, म्हणजे ६.६ कोटी वर्षांहून तरुण, असं मानलं जातं. खालच्या आकड्यात क्रिटेशसही बसतो.

पण आधी ते शिखर खरंच ओलिॲनेन आहे का, हे तपासा. याच जागी ल्यूपेन येऊन बसतं. दोघांचंही वस्तुमान ४१२, दोघांनाही १९१. फरक ३६९ च्या आयनात आहे. ल्यूपेनला आणि होपेनला आयसोप्रोपिल शेपूट असतं, ते तुटून ३६९ उरतं. ओलिॲनेनला ते शेपूट नाही. १९१ आणि ३६९ एकाखाली एक छापा. होपेनचं शिखर दोन्हीकडे दिसेल. ओलिॲनेनच्या जागी ३६९ वर सपाट रेषा असेल तर निश्चिंत व्हा. तिथे टेकडी असेल तर ल्यूपेन मिसळलेलं आहे आणि तुमचं गुणोत्तर फुगलेलं आहे.

दुसरी चूक याहून जास्त होते: ओलिॲनेन नाही म्हणून फुलझाडं नाहीत असा निष्कर्ष. गोड्या पाण्याच्या दलदलीत साचलेल्या गाळात ही संयुगं संपृक्त होण्याऐवजी ॲरोमॅटिक होतात. ओलिॲनेन टिकायला गाळावर समुद्राच्या पाण्याचा प्रभाव लवकर पडलेला असावा लागतो. म्हणून संपृक्त भाग रिकामा निघाला तर ॲरोमॅटिक भागात १७० वर १,२,७-ट्रायमिथाइलनॅप्थलीन शोधा. ते १,२,५ या भावाच्या तुलनेत ठळक असेल तर ओलिॲनेन कुळातल्या संयुगांचा माग मिळतो. दुसरा भाग फेकून देणाऱ्यांच्या हातून नेमका हाच पुरावा जातो.

राळ, सूचिपर्णी आणि स्टेरेन

३६९ आणि ४१२ वर, सी३० होपेनच्या बरंच आधी, डब्ल्यू आणि टी नावाची दोन शिखरं दिसली तर ती बायकॅडिनेन आहेत. ती डिप्टेरोकार्प झाडांच्या राळेची खूण. आग्नेय आशियातल्या तेलांत ती विपुल असतात, आणि वस्तानच्या अंबरामुळे आपल्याही भागात त्यांची अपेक्षा ठेवायला आधार आहे. त्यांचा एक उपद्रव: २१७ वरही ती डोकावतात आणि स्टेरेनच्या सुरुवातीच्या शिखरांत मिसळतात. बायकॅडिनेन जास्त असतील तर स्टेरेनचं प्रमाण २१८ वरून काढा.

१२३ वर बेयरेन, कॉरेन, फिलोक्लाडेन ही डायटर्पेन दिसली तर सूचिपर्णी झाडांकडे पाहा. ॲरोमॅटिक भागातलं २१९ आणि २३४ वरचं रेटीन हीच दिशा दाखवतं, पण ते देवदार-चीडचं लाकूड जळल्यावर धुरातही तयार होतं. उघड्यावर पडलेल्या नमुन्यात एकटं रेटीन पुरावा नव्हे.

स्टेरेनमध्ये सी२७ शेवाळाकडे आणि सी२९ जमिनीवरच्या झाडांकडे झुकतं, असं पाठ्यपुस्तकात असतं. ते अर्धं खरं आहे. हिरव्या शेवाळातही सी२९ स्टेरॉल असतात. ओमानच्या हुक्फ गटातल्या, ५४ कोटी वर्षांहून जुन्या खडकांच्या तेलांत सी२९ भरपूर आहे, आणि तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती. सी२९ ला साक्षीदार म्हणून घ्या, एकमेव पुरावा म्हणून नको.

निकाल लिहिण्याआधी तीन शंका

परिपक्वता: सी३१ होपेनमध्ये एस भागिले एस अधिक आर हा आकडा ०.५७ ते ०.६२ ला स्थिर होतो. लिग्नाइटमध्ये तो बराच खाली असेल आणि आर शिखर एकटंच उंच दिसेल. ते कच्चेपण आहे, बिघाड नाही. उलट, फार तापलेल्या तेलात बायोमार्कर स्वतःच तुटलेले असतात. तिथे उरलेल्या चिमूटभर होपेनवर गुणोत्तरं बांधू नका.

जिवाणूंनी खाल्लेलं तेल: नॉर्मल अल्केन सर्वात आधी जातात, मग प्रिस्टेन-फायटेन, मग स्टेरेन आणि होपेन. ओलिॲनेन आणि बायकॅडिनेन त्यांच्याही मागे टिकतात. म्हणजे होपेन खाल्लं गेलं आणि ओलिॲनेन उरलं तर ओलिॲनेनचं गुणोत्तर आपोआप वाढतं, झाडं वाढलेली नसतात. १७७ वर २५-नॉरहोपेन (एक कार्बन गमावलेली होपेन) दिसली तर या शंकेनं आधी पाहा.

वाटेतली भर: तेल मूळ खडकातून साठ्याच्या खडकाकडे जाताना मध्ये लिग्नाइटचे थर असतील तर त्यातलं ओलिॲनेन विरघळवून घेतं. खंबातच्या खोऱ्यात लिग्नाइट आहे, त्यामुळे ही शंका तिथे नेहमी जिवंत ठेवायची. तेलाची परिपक्वता आणि ओलिॲनेनसोबत आलेल्या होपेनची परिपक्वता जुळत नसेल तर भर वाटेत पडली असावी.

अहवालात गुणोत्तर कुठल्या आयनावरून, उंचीवरून की क्षेत्रफळावरून काढलं ते प्रत्येक आकड्यासमोर लिहा. या दोन पद्धतींत फरक येतो. वाक्य असं असू दे: ‘ओलिॲनेन गुणोत्तर ०.३०, ल्यूपेन तपासून वगळलं, बायकॅडिनेन उपस्थित, प्रिस्टेन-फायटेन गुणोत्तर ४, म्हणून मूळ खडकात फुलझाडांचा मोठा वाटा, वय तृतीयक.’ कोऱ्या चाचणीचा क्रोमॅटोग्राम सोबत जोडा. उरलेले संपृक्त आणि ॲरोमॅटिक भाग काचेच्या कुपीत, हेक्झेनमध्ये, फ्रीजमध्ये ठेवा. कुपीवर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी लावा, कारण मार्करची शाई द्रावकात पुसली जाते. कुपीचं वजनही चिठ्ठीवर टाका, म्हणजे सहा महिन्यांनी द्रावक किती उडाला ते कळेल.